म्हशीची तालीम

शेजारच्या तानाजीअण्णांनी म्हशीसाठी थेट गच्चीवर जाणारा सिमेंटचा उतार बांधलाय आणि भर उन्हाळ्यात ते तिची रोज तालीम घेतात! या म्हशीची आई मागच्या पुरात दावणीला बांधलेलीच बुडाली. काल आम्ही कुंपणाशी उभे राहून टाळ्या पिटल्या.

"अण्णा, आता तिला पोहायलाही शिकवा!" मी ओरडलो.

"म्हैस पोहतेच रे बाबा. त्या वेळी दावं सोडायला मीच पोचलो नाही."

आमचं हसू विरलं. पूर्वी पुराचं पाणी पायरी-पायरीनं, निरोप देत यायचं. आता ते एका दुपारीत माळ्याला लागतं.

खाली नदी गुडघाभरही नव्हती. वर गच्चीवर चढलेली म्हैस तिच्याकडे टक लावून उभी राहिली. अण्णांनी कितीही चुचकारलं, तरी ती खाली उतरेना.