अशी कुणी बाई इथं राहत नाही

फोन कसा उचलावा याचं आधारगृहात एक शास्त्र होतं, आणि त्या शास्त्राच्या कुलगुरू चावीताई होत्या.

आधारगृह म्हणजे घर सोडून आलेल्या बायकांची राहायची जागा. तिचा पत्ता कुठेच छापलेला नव्हता. फाटकावरची पाटी शिवणवर्गाची होती, आणि आत शिवणवर्ग खरोखरच भरायचा. नाहीतर पाटी खोटी पडली असती आणि मॅडमना खोटं खपत नसे. मॅडम म्हणजे तिथल्या अधीक्षिका. त्यांना खोट्यातलं एकच वाक्य मंजूर होतं. फोनवर कोणीही, कोणाचंही नाव घेऊन चौकशी केली, की म्हणायचं, "अशी कुणी बाई इथं राहत नाही." घाईनं म्हणायचं नाही, रेंगाळत म्हणायचं नाही. बसस्टॉपवर कोणी वेळ विचारावी आणि आपल्या हातात घड्याळ नसावं, त्या सुरात म्हणायचं.

हा सूर नव्या माणसांच्या गळी उतरवायचं काम चावीताईंचं. सरावासाठी समोरच्या माणसाचं सोंग स्वयंपाकघरातल्या मावशी घेत. मावशींना अभिनयाची हौस होती आणि आमटी ढवळताना तिला वाव मिळत नसे. त्या कधी हुंदके देणारा भाऊ होत, कधी पार्सल घेऊन आलेला पोस्टमन, कधी मरणपंथाला लागलेली सासू. एकदा त्यांची सासू इतकी सुंदर मरत होती की नव्या मदतनीस मुलीनं डोळे पुसत सगळा पत्ता सांगून टाकला.

"घातलास घोळ!" मावशी तत्काळ जिवंत होऊन म्हणाल्या. "आता ती सासू काठी घेऊन येईल, तेव्हा पाणी देशील का तिला?"

चावीताई हसल्या नव्हत्या. त्या स्वतः याच फाटकातून आत आल्या होत्या, झोपलेली पोर खांद्यावर टाकून. आल्या त्या राहिल्याच. आधी कोठीघर सांभाळलं, मग भांडार, मग सगळ्या किल्ल्या, आणि किल्ल्यांबरोबर नाव आलं. नवऱ्यानं सुरुवातीला फोनचा सपाटा लावला होता. मग तो थांबला. थांबला म्हणजे विसरला, असा अर्थ आधारगृहात कोणी काढत नसे.

आता प्रश्न आला होता तो मॅडमच्या खुर्चीचा. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. विश्वस्तांनी ठरवलं की पुढे त्या खुर्चीत बसणाऱ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हवी. त्यांच्या मनात एक उमेदवार होताही. त्या उमेदवारानं आधारगृह पाहिलं होतं, पण उद्घाटनाच्या फोटोत उभं राहण्यापुरतं. मॅडमनी टेबलावर हात आपटून सवलत मिळवली: चावीताईंना यंदा प्रवेश मिळाला, तर त्यांचं शिक्षण होईपर्यंत मॅडम खुर्ची सोडणार नाहीत. यंदा नाही मिळाला, तर फोटोतला माणूस येईल.

"आणि तो पहिल्या दिवशी काय करेल माहितीये?" मॅडम म्हणाल्या. "फाटकावर खरी पाटी लावेल. मोठी. दिव्यांची."

चावीताईंनी तीन संस्थांत अर्ज केले. शिफारसपत्र मॅडमनी लिहिलं. ते वाचून चावीताईंची लेक म्हणाली, "आई, 'अत्यंत विश्वासू, सदैव जागरूक, अनोळखी माणसाला आत येऊ देत नाही.' हे कुत्र्याचं आहे."

"चांगल्या कुत्र्याचं आहे," चावीताई म्हणाल्या आणि पाकीट बंद केलं.

पंचाईत झाली ती नावाची. पदवीच्या प्रमाणपत्रावर लग्नानंतरचं नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. परीक्षा त्या नावानं दिली होती, म्हणून अर्जही त्याच नावानं करावा लागला. ते नाव इतक्या वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. अर्जात भरताना त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं, दुसऱ्याच्या मुलाचं नाव शाळेत घालताना तपासावं तसं.

"मोबाइल नंबर दे," लेक म्हणाली.

"मोबाइल दिवसभर कपाटात. नियम आहे. शिवणवर्गाचा दे, तो वाजला की कोणीतरी उचलतं."

हे वाक्य बोलताना त्यांच्या मनात काहीही आलं नाही. शास्त्र रोजचं झालं की त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं वाटत नाही.

पहिल्या संस्थेनं नकार कळवला. दुसरीनं 'आपल्या उत्साहाचे आम्हांस कौतुक वाटते' असं म्हणून कळवला, म्हणजे जास्त लागला. तिसरीनं मुलाखत घेतली. समितीत तिघं होते आणि प्रश्न सगळे एकच प्राध्यापिका विचारत होत्या. बाकीचे दोघे चहा पीत मान डोलावत होते. निकाल फलकावर न लावता ज्याचा त्याला कळवला, तेव्हा चावीताई प्रतीक्षा यादीत होत्या, अगदी वर. कोणी प्रवेश सोडला तर संस्थेतून फोन येईल, आणि फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत हजर व्हायचं. नाहीतर जागा पुढच्याला.

वाट पाहणं हा चावीताईंचा धंदाच होता. कोर्टाच्या तारखांची, पोलिसांच्या उत्तरांची, माहेरच्या माणसांना पाझर फुटण्याची वाट त्यांनी बायकांबरोबर बसून पाहिली होती; 'होईल सगळं' हे त्या फार चांगलं म्हणत. स्वतःला म्हणायला गेल्या तर ते बसेना. भांडाराला कुलूप लावून त्या परत जाऊन ओढून पाहू लागल्या. मावशींनी एकदा भाजीत मीठ जास्त टाकलं, तर चावीताई सगळी भाजी संपवून उठल्या, त्यांना कळलंच नाही. मावशी घाबरून मॅडमकडे गेल्या. "ताईंचं काही खरं नाही," म्हणाल्या. "मलाच घास जात नव्हता."

आणि मग एका दुपारी फोन वाजला.

चावीताई ऑफिसात चादरी मोजत होत्या. त्यांनी उचलला. पुरुषाचा आवाज होता, वयस्कर, सभ्य. त्यानं ते नाव घेतलं. पूर्ण, मधल्या नावासकट.

चावीताईंच्या हातातली चादर खाली पडली. आवाज मात्र पडला नाही. "अशी कुणी बाई इथं राहत नाही."

"नक्की? नंबर तर हाच दिलाय."

"कोणी?"

"त्यांनीच दिलाय हो."

असंच म्हणतात. सगळे असंच म्हणतात. मावशींनी सोंग घेतलेल्या भावाचंसुद्धा हेच वाक्य होतं. चावीताईंनी फोन ठेवला आणि उरलेल्या चादरी मोजून टाकल्या. चूक आली. पुन्हा मोजल्या. मग त्या मॅडमच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "त्याला नंबर मिळालाय. माणूस दुसरा लावलाय बोलायला."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. फाटकाला दुसरं कुलूप लागलं. लेकीला कॉलेजातून आणायला शिवणवर्गाच्या बाई गेल्या. पोलीस चौकीत कळवलं, तिथे नोंदून घेतलं. मावशी मोठा झारा घेऊन दाराजवळ स्टूल टाकून बसल्या. त्या दिवशी पोळ्या करपल्या आणि सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

लेक आली ती तोंड पांढरं करून. "आई, नक्की बाबाच?"

"ते नाव दुसरं कोण घेणार?"

भीतीचं एक बरं असतं, ती तर्कशुद्ध असते. त्या संध्याकाळी चावीताईंनी अर्जाचा विचार केला तो एवढाच, की प्रवेश मिळाला तरी आता रोज बस पकडून जायचं कसं. बसस्टॉप उघड्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाटकाशी होत्या. ऑफिसात फोन वाजला तेव्हा मावशींनी उचलला. ही हकीकत चावीताईंना कळली ती जेवणाच्या वेळी, कारण मावशींना श्रोते भरपूर लागत.

"तोच मेला!" मावशी वाढता वाढता सांगू लागल्या. "आज कॉलेजवाला झाला होता. म्हणे प्रवेश समितीतून बोलतोय, जागा रिकामी झालीये, बारापर्यंत पाठवा त्यांना. मी म्हटलं, अशी कुणी बाई इथं राहत नाही. तर म्हणतो, अहो त्यांचं नुकसान होईल. म्हटलं, होऊ दे! कसली जागा नि कसलं काय. भाषा बाकी मुरलेली होती हो. मीसुद्धा इतका छान कॉलेजवाला केला नसता."

जेवणाच्या खोलीत कोणाचाच घास पुढे गेला नाही. लेकीनं आईकडे पाहिलं. चावीताई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. बारा वाजून गेले होते.

"काय झालं?" मावशी म्हणाल्या. मग त्यांना कळलं. त्यांनी डाव खाली ठेवला आणि स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला.

"तुमचं काही चुकलं नाही," चावीताई उठत म्हणाल्या. "शिकवलं तसंच केलंत. मी पण."

संस्थेत फोन कोणी उचलेना. नुसता वाजत राहिला. मॅडमनी रिक्षा बोलावली. लेक बरोबर निघाली. रस्त्यात एक सिग्नल लागला आणि तो काही केल्या सुटेना. "मोबाइल नंबर दे म्हटलं होतं," एवढं लेकीच्या तोंडून निघालं, आणि लगेच तिनं आईचा हात धरला. चावीताईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा तसाच होता. गडबडीत त्या साऱ्या आधारगृहाला कुलूपबंद करून निघाल्या होत्या.

विभागाच्या ऑफिसात कारकून नुकताच डबा संपवून हात पुसत होता. त्याच्यासमोर यादी उघडी होती आणि फोन अर्धवट ओढून जवळ घेतलेला. पलीकडे एक वयस्कर सर चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. चावीताईंनी कारकुनाला अर्ज क्रमांक सांगितला.

"ते रद्द झालं," कारकून म्हणाला. "दोनदा फोन केला. त्या नंबरवर अशी कोणी नाही म्हणून सांगितलं. पुढच्या उमेदवाराला लावतोच आहे."

"ती मीच आहे."

"मग फोनवर कोण होतं?"

"काल मी. आज आमच्या मावशी."

सरांनी चष्मा खाली ओढला. "काल तुम्हीच बोललात माझ्याशी. आवाज ओळखला. बाई, मी आयुष्यात पुष्कळ माणसांशी बोललोय, पण स्वतः नसल्याचं इतक्या शांतपणे कोणी सांगितलं नव्हतं. मला खरं वाटलं."

"वाटायलाच हवं असतं," चावीताई म्हणाल्या. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि थोडक्यात सगळं सांगितलं: शिवणवर्ग, नियम, ते नाव. कारकुनाचा हात फोनवरून निघाला. सरांनी यादी स्वतःकडे ओढून घेतली.

"बारा वाजले हे खरं," ते म्हणाले. "पण पुढच्याला अजून फोन गेलेला नाही, हेही खरं. यांनी डबा आज वेळेच्या जरा आधीच उघडला."

"भूक लागली होती, सर," कारकून पुटपुटला.

"लागली ते बरं झालं. लिहून घ्या यांचं."

लेकीनं श्वास सोडला. चावीताईंनी सोडला नाही. कारकून लिहीत होता आणि लिहिता लिहिता सहज म्हणाला, "यादी संध्याकाळी लागेल. बाहेरच्या फलकावर आणि वेबसाइटवर. पूर्ण नावानिशी."

"पूर्ण?"

"प्रमाणपत्राप्रमाणे. आठवडाभर राहते. हरकती घ्यायला."

ते नाव, संस्थेचं नाव आणि पत्ता, सगळं एका कागदावर, हवं त्यानं वाचावं. काल फोनवरून नवऱ्याला लागला नव्हता तो माग आता लागू शकणार होता, आणि चावीताईंच्या सहीनं.

"नुसता क्रमांक लावता येईल का?" लेकीनं विचारलं.

सरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं मान हलवली. "यंदा तरी तशी तरतूद नाही. वर कळवावं लागेल, समिती बसेल, तोवर प्रवेशाची मुदत..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. चांगला माणूस होता.

"आई, नको," लेक हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी खुर्चीत फोटो बसलेला असेल."

"बसू दे. तू..."

"आणि तिथल्या बायकांना नव्या पाटीखालून आत यावं लागेल. दिव्यांच्या." चावीताईंनी पेन घेतलं. आधी दुसऱ्या कागदावर रेघ ओढून पाहिली. मग सही केली, पूर्ण नावाची, अक्षर अक्षर सुटं. "लावा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रं दाखवायला जायचं होतं. मॅडम येते म्हणाल्या, मावशी तर झाऱ्यासकट तयार होत्या. शेवटी चावीताईंबरोबर लेकच गेली. फलकापाशी मुलामुलींची झुंबड होती. कोणी बोटानं नावं शोधत होतं, कोणी एकमेकांच्या पाठी थोपटत होतं. लेक गर्दीत घुसली आणि तिथून ओरडली, "आई, आहे! अगदी खाली! ये ना, फोटो काढते!"

चावीताई आल्या. फलकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. लेकीनं मोबाइल वर धरला.

"इकडे बघ ना. कॅमेऱ्यात."

"काढ तू," चावीताई म्हणाल्या. त्यांची नजर संस्थेच्या फाटकावर होती. आत येणारा प्रत्येक पुरुष त्या नीट पाहून घेत होत्या; विद्यार्थी, शिपाई, कोणाचे तरी वडील. करड्या शर्टातला एक जण फाटकातून आत आला, थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि फलकाच्या दिशेनं चालू लागला. चावीताई हलल्या नाहीत. तो जवळ आला, गर्दीत वाट काढत यादीपर्यंत पोचला आणि आपल्या मुलीचं नाव सापडल्यावर मोठ्यानं हसला.

"काकू, जरा सरकता का?" तो म्हणाला. "खालची नावं दिसत नाहीयेत. तिच्या मैत्रिणीचंही बघायचंय."

चावीताई सरकल्या. आतून कारकुनानं त्यांचं नाव पुकारलं, पूर्ण, मधल्या नावासकट, सगळ्या आवारात ऐकू जाईल असं.

"आहे," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.