पुलाला लागलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, शाळेत तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट माहीत नाही. ऐकून घ्या, एवढंच.

मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी आमची पाच मुलं एका स्पर्धेत उतरतात. एक अवघड काम दिलेलं असतं. मुलांनी मिळून डोकं लढवायचं, वस्तू स्वतः बनवायची आणि परीक्षकांपुढे मांडायची. नियम साधा, पण कडक – मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये. शिक्षकांनी तसं लिहून सही द्यायची. हे मी मुलांना इतक्यांदा बजावायचे, की ती माझ्यामागे माझी नक्कल करत.

त्या वर्षी बांबूच्या कामट्यांचा पूल करायचा होता. आमचा पूल रोज कोसळायचा. शेवटी वनिता बोलली. आपट्याजवळच्या कातकरवाडीतून एसटीनं येणारी, सातवीतली, वर्गात तोंड न उघडणारी वनिता. तिची आई मासे धरायचे पिंजरे विणायची. झाडाच्या ओल्या सालीनं बांधायचं, साल वाळली की गाठ आपोआप आवळते. वनितानं बांधून दाखवलं, बाकीच्या चौघांना शिकवलं. पुलावर विटा ठेवल्या, तरी तो हलला नाही. आमचा म्होरक्या अथर्व तिला ‘इंजिनीअर मॅडम’ म्हणू लागला आणि ती ओढणीत तोंड लपवून हसायची. मला ती पोर फार आवडायची. खरंच आवडायची – म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मुलं घरी गेली होती. प्रयोगशाळेत मी एकटी. पुलाचा एक पाय तिरका होता. जरासाच. पण माझा स्वभाव असा, की फळ्यावरची रेघ वाकडी गेली तरी हात शिवशिवतात. मी वनिताची गाठ सोडली, कामटी सरळ केली, पुन्हा बांधली. मला कुठे येत होती तिच्यासारखी गाठ? मी आपली माझी नेटकी, बारीक टोकांची गाठ मारली. मग त्याच टेबलावर बसून कागदावर सही केली. मोठ्या कुणाचाही हात लागलेला नाही, असं त्यात लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी करंजाडेला स्पर्धेत परीक्षक बाईंनी पूल फिरवून पाहिला. त्यांचं बोट नेमकं त्या पायावरच्या वेगळ्या गाठीवर थांबलं.

“यात कुणाचा हात आहे?”

वनिताला वाटलं, कौतुक चाललंय. तिचा चेहरा फुलला. “माज्या आयचा.”

आपण नाही का म्हणत, हिच्या स्वयंपाकाला आईचा हात आहे? तिला तेच म्हणायचं होतं. मला ते त्याच क्षणी कळलं. परीक्षक बाईंना नाही कळलं – त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मी दोन पावलांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले का? नाही. गुण कापले गेले. पहिले दोन संघ पुण्याला जाणार होते, आम्ही तिसरे आलो.

परतताना व्हॅनमध्ये अथर्व पुटपुटला, हिला बोलू द्यायलाच नको होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, “जाऊ दे रे, तिला नियमच कळला नाही.” किती समजूतदार वाटले असेन, नाही? वनितानं खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तिला इंजिनीअर मॅडम कुणी म्हटलं नाही. आठवीच्या मध्यावर तिनं शाळा सोडली. वाडीतल्या मुली सोडतातच, असं शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं आणि मीही मान डोलावली.

पण एवढंच असतं, तर कदाचित विसरले असते. स्पर्धेनंतर दोन दिवसांनी वनिताची आई शाळेत आली. वीटभट्टीवर खाडा करून, एसटीनं. चपला दाराबाहेर काढून प्रयोगशाळेत उभी राहिली. पूल तिच्या मागच्याच कपाटावर होता.

“बाई, माज्यामुलं पोरांचं गेलं,” ती म्हणाली. “मी त्याला शिवली पन नाय. पन पोरगी माजं नाव बोलली. तिला रागवू नका.”

मला तो पाय दिसत होता, माझी गाठसुद्धा. आणि मी काय म्हणाले असेन? “असू द्या, मी नाही रागावले.” मी तिला माफ केलं, हो!

तिचे डोळे भरून आले. तिनं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. गाठ सोडली होती, तोच हात. मी तो काढून घेतला नाही.