साडूभाऊंचा म्युझिक प्लेअर

व्यवस्थित चालणारी वस्तू माझ्या थोरल्या साडूंना बघवत नाही. बंद पडलेल्या वस्तूंशी त्यांचं काही भांडण नाही, त्या ते सरळ दुरुस्तीला धाडतात. पण एखादं यंत्र निमूटपणे आपलं काम करताना दिसलं, की त्यांचे डोळे लकाकतात आणि हात शर्टाच्या खिशातल्या पेचकसाकडे जातो. "चालून तं राह्यलं, पन याच्याहून चांगलं काहून नाही चालत?" हा त्यांचा अख्ख्या जगाला सवाल. बालाघाटात त्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. टेबलाच्या एका बाजूला साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटल्या आणि दुसऱ्या बाजूला सोल्डरिंगची कांडी, तारा, उघडी पडलेली यंत्रं. पेशंट जीभ बाहेर काढून बसलेला असतो आणि डॉक्टर भिंगातून भलतंच काहीतरी तपासत असतात. सोल्डरिंगच्या तापल्या राळेचा वास दवाखान्यात इतका मुरलाय, की काही जुने पेशंट तो उपचाराचाच भाग समजून खोल श्वास घेतात. एकदा एका बाईंना गोळ्यांऐवजी बारीक स्क्रूंची बाटली गेली. नशीब, त्यांनी आधी उघडून पाहिली. परत येऊन म्हणाल्या, "डाक्टर, ह्या गोळ्या लय जालीम दिसतेत. याच्यापेक्षा मले खोकला बरा."

साडूंचा खरा जीव मात्र एका जुन्या, खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरवर. आता सगळ्यांची गाणी मोबाईलवर असतात, तुम्हीही त्यावरच का ऐकत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. "मोबाईल म्हंजे धर्मशाळा हाय, साडभाऊ. गानं तिथं मुक्कामाले येते, राहाले नाही." या प्लेअरमधली फिरती हार्ड डिस्क काढून त्यांनी मेमरी कार्ड बसवलं, त्यामुळे बॅटरी जास्त पुरायला लागली. मग रिकाम्या झालेल्या जागेत त्याहून मोठी बॅटरी बसवली. मग त्याहूनही मोठी, आणि मागचं झाकण लागेना. आवाज ज्या वाटेनं बाहेर पडतो तिथे मुंगीएवढे दोन कपॅसिटर असतात आणि खालचे सूर त्यांच्यापाशीच अडतात, असं त्यांचं निदान. म्हणून ते उपटून शेंगदाण्याएवढे बसवले. ते तर झाकणाच्या पार बाहेर लोंबायला लागले. शेवटी हा सगळा संसार जेवणाच्या डब्यातल्या एका खणात जाऊन बसला. खिशातलं यंत्र पिशवीत आलं, आणि ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, दुपारी दवाखान्यात डबा पाठवताना विचारायला लागली, "आता वरन कायच्यात देऊ? रेडूत?" तिच्या लेखी वाजणारी प्रत्येक वस्तू रेडूच.

बॅटरी किती पुरते याची परीक्षा चालू असली की साडूंच्या कानातून इअरफोन निघत नसत. तुमसरच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपून नवरानवरी खुर्चीत जाऊन बसली तरी हे गृहस्थ तन्मयतेनं अक्षता टाकतच होते. अशा माणसाचा छंद कधी कुणाच्या उपयोगी पडेल, असं आमच्या घरात कुणालाही वाटलं नव्हतं.

आमचे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, उकव्याला राहतात. मॅंगनीजच्या खाणीत जन्मभर ड्रिल मशीन धरून त्यांचे कान गेले. कानात घालायचं मशीन आणून दिलं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी काढून ठेवलं. ऐकू येईना तसं त्यांचं बोलणंही आटत गेलं. घरात कुणी हसलं तर आपल्यालाच हसतात असं वाटून ते अंगणात मोहाच्या झाडाखाली जाऊन बसत. हाच माणूस तरुणपणी खडीगंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, ढोलकी वाजवायचा. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडईच्या खडीगंमतीत मामाजींची ढोलकी आहे म्हटलं की पार कटंगीकडून लोक यायचे.

साडूंनी त्यांना गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. परत आले ते तपासणीचा कागद नाचवतच. "वरचे सूर गेले हायेत, साडभाऊ, पन खालचे हायेत! जरासेच हायेत, पन हायेत!" त्या दिवसापासून दवाखान्यात वेगळंच काम सुरू झालं. ढोलकीची खालची थाप अख्खीच्या अख्खी कानापर्यंत पोचली पाहिजे, म्हणून कपॅसिटर आणखी वाढले. उकव्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी वाढली. मामाजींचे हात थरथरतात, म्हणून सगळ्या बटणांच्या जागी एकच मोठं बटण आलं. आणि कटंगीजवळच्या एका म्हाताऱ्या शाहिराच्या घरून साडूंनी मंडईची एक जुनी कॅसेट पैदा केली आणि ती प्लेअरमध्ये उतरवून घेतली.

डबा घेऊन आम्ही दोघं बसनं उकव्याला निघालो. जंगलात नाक्यावर पोलिसांची तपासणी होती. तारा लोंबणारा स्टीलचा डबा पाहून शिपायाचा चेहराच बदलला. "ये क्या है?"

"म्यूजिक प्लेअर है, साहब."

"इतना बड़ा?"

"आवाज भी बड़ी है," असं म्हणून साडूंनी हेडफोन थेट त्याच्या डोक्यावर चढवला. आधी तो दचकला, मग त्याचे डोळे मिटले आणि बूट ताल धरायला लागला. गाणं संपेपर्यंत अख्खी बस त्याच्याकडे बघत ताटकळली. हेडफोन काढताना तो म्हणाला, "एक और है क्या?" शेवटी ड्रायव्हरनंच हॉर्न वाजवून आमची सुटका केली.

मामाजी झाडाखाली बसले होते. साडूंनी त्यांच्या कानांवर हेडफोन बसवला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. मामाजी समोर बघत राहिले. साडूंनी बटण पुन्हा तपासलं, तारा चाचपल्या. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी नजर दुसरीकडे वळवणार, एवढ्यात मामाजींचा अंगठा हलला. मग बोटं हलली, आणि मग गुडघ्यावर थाप पडली.

"कोन वाजवून राह्यला हा?" मामाजी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की त्यांची सून पिठाचे हात घेऊन बाहेर धावत आली. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांचा आवाज ऐकला होता.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वाजवणारे ते स्वतःच होते, विशीतले.

साडूंनी त्यांच्या एका कानावरचा हेडफोन जरा बाजूला सारला. मग त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "पोरगा हाय एक, मामाजी! मंडईतला!"

"हात बरा हाय त्याचा. पन घाई लय करते. थापेले दम नाही देत." आणि मामाजी स्वतःच्या गुडघ्यावर दाखवायला लागले. "अशी. अशी पाह्यजे."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "भाऊजी, सांगतलं काहून नाही त्याईले?"

साडू खिडकीबाहेर सागाची झाडं बघत होते. "सांगतलं असतं तं आता आपल्याच्यानं तसं होत नाही, हे मनाले लावून बसले असते. आता पाहा, गुरुजी झालेत. राहू द्या."

आता मामाजी बोलतात. सुनेशी बोलतात, शेजाऱ्यांशी बोलतात, त्या पोराच्या चुका तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतात. साडू उकव्याला गेले की त्यांचं एकच मागणं असतं. "डाक्टर, त्या पोराले आना ना एखाद वेळ. समोर बसवून शिकवतो. माह्या मांगं कोनाले तरी आलं पाह्यजे."

"हौ मामाजी, आनतो," साडू दर वेळी ओरडून सांगतात, "पुढच्या मंडईले नक्की आनतो."

कधी कधी मामाजी त्या पोराचं नाव विचारतात. तेवढ्या वेळी मात्र साडू ऐकू न आल्यासारखं करतात.