एका बॅटरीवरचं स्थळ

माझा ट्रक इतका जुना होता, की पांडवांनी वनवासाला जाताना सामान त्यातूनच हलवलं असावं. नियमाने त्याला दोन बॅटऱ्या लागायच्या. पण नव्वदीच्या त्या वर्षांत वीज आमच्या वस्तीवर पाहुण्यासारखी यायची, आणि रविवारचा टीव्ही चुकला की आई आठवडाभर भाजीत मीठ घालायला विसरायची. म्हणून एक बॅटरी टीव्हीला गेली. नेवाशाच्या वायरमनने सेल्फ आणि बल्ब बदलून ट्रक उरलेल्या एकीवर आणला आणि बजावलं, "उतार बघून उभी करत जा. सेल्फचा भरवसा न्हाई."

तेव्हापासून मी चहासुद्धा उतार बघून प्यायलो. जिल्ह्यातला सगळ्यात वाईट चहा माझ्या वाट्याला आला, पण कुणाकडे धक्का मागितला नाही. ब्रेक सोडायचा, ट्रक घरंगळू द्यायचा, गियर टाकायचा, की स्वारी गुरगुरत जागी. कोपरगावपर्यंत कुठली जमीन किती कललीय, हे पावसाच्या पाण्यालासुद्धा माझ्याइतकं ठाऊक नव्हतं.

अशात मामाने शेवगावकडचं स्थळ आणलं. त्या मुलीला मी एका लग्नाच्या पंगतीत वाढताना पाहिलं होतं. तिने मला न मागता दोनदा जिलबी वाढली होती, तेव्हा माझ्या बाजूने लग्न ठरलेलंच होतं. प्रश्न तिच्या बाजूचा होता.

मामा म्हणाला, "ट्रकच घे. मोटारसायकलवर कुनीबी येतं."

मुलीची वस्ती परातीसारखी सपाट निघाली. लिंबू ठेवलं असतं तर कुठं घरंगळावं म्हणून तेसुद्धा गोंधळलं असतं. मी ट्रक चालूच ठेवून आत गेलो.

पोहे आले, मुलगी येऊन बसली. बाहेर इंजिनाची धडधड, आत कपबशांची.

"शिक्षन किती?" मामाने विचारलं.

"बारावी."

मामाला 'आजारी' ऐकू आलं. "आरारा! किती दिस झालं?"

मुलगी पदरात हसली. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात तिचे वडील उठले. "पाव्हनं, गाडी चालू ठिवून आमच्यात पोरगी बघत न्हाईत. निवांत बसा." आणि बाहेर जाऊन, माझ्या तोंडातला घास गिळून व्हायच्या आत, त्यांनी इंजिन बंद करायची मूठ ओढलीसुद्धा.

अशी शांतता मी स्मशानातही ऐकली नाही.

"आता रं?" मामा कुजबुजला.

"आता ढकलायचा."

"सासऱ्याला?"

"ट्रकला!"

आधी सेल्फ मारून पाहिला. तो नुसता खाकरला. मग सगळी भावकी मागे लागली. वडीलही टोपी खिशात घालून लागले आणि ओरडले, "आजून नातं जुळलं न्हाई, अन् जावयानं ढकलाय लावलं!" तिसऱ्या दमाला ट्रक सुरू झाला. धूर असा निघाला, की शेजारच्या वस्तीवरच्या कोंबड्या रात्र झाली समजून खुराड्यात शिरल्या.

पण इंजिन आता रुसलं होतं. रेस सोडली की आचके द्यायचं. थांबलो तर पुन्हा भावकी, आणि दुसऱ्यांदा भावकी ढकलत नाही, हाकलते. म्हणून मी खळ्याभोवती गोल गोल फिरत राहिलो. उत्तर तर अजून मिळालंच नव्हतं.

"पोरीला इचारा!" मी खिडकीतून ओरडलो.

वडील आत जाऊन आले. मी समोरून जाताना ते ओरडले, "पोरगी न्हाई—"

पुढचं इंजिनाने खाल्लं. ती फेरी शपथेवर सांगतो, अख्ख्या तालुक्याला वळसा घालून आली असावी. मी तेवढ्यात तिच्याशिवायचं सगळं म्हातारपण जगून घेतलं. परत समोर आलो.

"—म्हनत न्हाई! आता थांबा की!"

"थांबता येत न्हाई, मामा!"

जावई सासऱ्याला मामाच म्हणतो, पण माझा सख्खा मामा आपल्यालाच हाक मारली समजून ट्रकमागे पळत सुटला. तिच्या वडिलांना मात्र कुठला मामा ते बरोबर कळलं. त्यांनी खिशातली टोपी काढून झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "साखर आना गं!"

पुढच्या फेरीला साखरेची मूठ खिडकीतून आत आली. निम्मी तोंडात गेली, निम्मी डोळ्यात. ती कुणाच्या हातची होती हे डोळे मिटलेले असतानाही मला कळलं, कारण लगेच दुसरी मूठ आली, न मागता.