बिडी पितात की ओढतात

माझा धाकटा भाऊ आकाराम. हुपरीत घराच्या पडवीत बसून चाळीस वर्षं त्यानं चांदीची तार ओढली, पैंजण घडवले. तारेत फरक पडला तर दिवसभर जेवायचा नाही, असला हट्टी. गेल्या मार्गशीर्षात त्याच्या मेंदूत रक्त साकळलं आणि वाचा गेली. हात हालेना, नजर ठरेना. तीन महिने नुसता पडून.

कोल्हापूरच्या दवाखान्यात अक्षता मॅडम म्हणून डॉक्टरीण आहे. ती म्हणाली, शब्दाचा अर्थ कळतोय का ते मेंदूच्या लहरींवरून बघू. डोक्याला तारांची टोपी घालायची, कानात वाक्यं ऐकवायची. वाक्याच्या शेवटी विपरीत शब्द आला, की ज्याला कळतं त्याची लहर दचकते. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण हे पटलं. भातात खडा लागला की दात दचकतो, तसंच की.

पहिल्या खेपेला आकारामची लहर दचकली नाही.

"अजून एकदा करू," मॅडम म्हणाली. "तेव्हाही असंच आलं, तर बोलण्याचे उपचार थांबवावे लागतील."

त्याचा लेक कृष्णात शेजारीच हुता. "आत्ती, कशाला जीव टांगून घेतीस? लाकूड झालंय आबांचं."

मी मॅडमला म्हटलं, "काय ऐकवताय ते मला तरी ऐकवा."

तिनं लावलं. गुळगुळीत शहरी आवाज. "आजोबांनी विडी प्यायली."

"हे बरोबरचं न्हवं?"

"नाही आजी, हे मुद्दाम चुकीचं. विडी ओढतात."

"अगं बाई, तार ओढतात! बिडी पितात. आमचा आकाराम दचकंल कशाला?"

पुढचं वाक्य, "गड्यानं बैलाला पाणी दाखवलं." तेही तिच्या लेखी चुकीचं. आम्ही जन्मभर पाणी दाखवूनच, म्हंजे पाजूनच, जनावरं जगवली.

मॅडम ओशाळली. मग दोन दिवस बसून आम्ही नवी वाक्यं केली, शंभरावर. एकावर काही ठरत नाही म्हणे. आवाज माझाच. "म्हशीनं वैरण खाल्ली" हे सुलटं, "म्हशीनं वैरण शिवली" हे उलटं.

सोमवारी टोपी पुन्हा चढली. आम्ही काचेच्या अलीकडं. कृष्णात बाकावर बसून पाय हलवत हुता. मॅडम सगळ्या लहरींची बेरीज लावत बसली ती बसलीच. शेवटी खुर्ची फिरवून म्हणाली, "दचकतेय, आजी. अर्थ पोचतोय त्यांना."

मी हात जोडले. मग कृष्णातकडं बघितलं, तर तो पांढराफटक.

"म्हंजे... आम्ही खाटंपाशी बोलत हुतो ते?"

"तेव्हाचं यंत्र सांगत नाही," मॅडम म्हणाली. "पण पोचलं असेल असंच धरा."

संक्रांतीला त्याच्याच उशाशी बसून मीही शेजारणीला म्हटलं हुतं, "देवानं न्यावं आता ह्याला."

"आत्ती, तू थोरली. तू आधी आत जा."

"लाकूड तू म्हणालास. तू जा की!"

शेवटी दोघंही गेलो. कृष्णातनं बापाचे पाय धरले. मी उशाशी बसले. आकारामचे डोळे मिटलेले.

"आकाराम," मी म्हटलं, "मी वंगाळ बोलले रं."

तीन महिने त्याच्यासमोर वाट्टेल ते बडबडले हुते. आता ऐकतोय म्हटल्यावर पुढचा शब्द काही केल्या सापडेना.