कठड्याबाहेरची गोफणमावशी

गोफणमावशी वाचनाला उभी राहिली की पुस्तकात पाहायच्या आधी चर्चच्या पार दुसऱ्या टोकाला पाही. तिथे उंबऱ्याला टेकून आबा बसलेले असत. आबांना फार कमी ऐकू येई. मिस्साच्या वेळी शेजारचा उठला की उठायचे आणि बसला की बसायचे, एवढाच त्यांचा उपासनेतला भाग होता. मावशी मोठ्याने म्हणे, "यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून घेतलेलं वाचन," आणि थांबे. आबांनी उजवा हात वर केला, की ऐकू आले असे समजून ती पुढे जाई. हात वर झाला नाही तर तेच वाक्य पुन्हा, आणखी वरच्या पट्टीत. तोवर फादरही थांबत, गायकमंडळीही थांबत, आणि घाईत असलेले लोक चुळबुळ करीत. त्या चुळबुळीची तिने कधी पर्वा केली नाही.

तिचे बाप्तिस्म्याचे नाव मार्था. परंतु त्या नावाने तिला फक्त फादर, सिस्टर आणि बरोबरीची चार माणसे हाक मारीत. उमेदीच्या काळात तिने बागाईतदारांच्या जोंधळ्याची राखण केली होती. शेतात उभारलेल्या माळ्यावर चढून ती गोफण फिरवी, पण पाखरे दगडापेक्षा तिच्या आवाजाने जास्त उडत, अशी तिची ख्याती होती. मी एकदा तिला विचारले, की एवढा आवाज छातीत आला कोठून? ती म्हणाली, "आवाज समद्यांनाच असतोय भाऊ. जवळच्या कनसाकडं बघून वरडलं तर जवळच पडतोय. शेताच्या कडंला बघून वरडायचं. कडंला पोचला की मधी पोचलाच." आबांकडे पाहून वाचण्याचे मूळ या राखणीत होते, हे मला त्या दिवशी समजले.

ती वाचक कशी झाली, तेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि फादरांनी वेदीवरून जाहीर केले, की यापुढे शास्त्रवाचन प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या लोकांनी, करावयाचे आहे. त्याला मोबदला नाही. ज्याची इच्छा असेल त्याने पुढे यावे. पुरुषांच्या बाजूला लिहिता-वाचता येणारे पुष्कळ होते. सर्वांच्या नजरा एकाएकी फरशीवर गेल्या. मी स्वतः मराठी सातवी पास असून तालुका कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडून अर्ज लिहीत आलो आहे. परंतु अर्जनवीसाने दुसऱ्याचे म्हणणे कागदावर मांडावे, तोंडाने मांडू नये, असे माझे तेव्हाही मत होते व आजही आहे. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "मी वाचते, फादर. शिस्टरांच्या बोर्डिंगात चौथीपतुर शिकलेय. चुकलं तर थांबवा, रागवू नका."

फादरांना आनंद झाला, पण अडचण होती. नव्या नियमाने स्त्रियांना वाचनाची परवानगी मिळाली होती, मात्र वेदीपुढच्या लाकडी कठड्याच्या बाहेर उभे राहून. आत वाचकाचे उंच मेज होते, ते पुरुषांसाठी. मावशीने खालच्या पायरीवर उभे राहून, जाड पुस्तक दोन्ही हातांवर तोलून वाचावे, असे ठरले. माझे रक्त तेव्हाही उकळले होते आणि हे लिहितानाही उकळते आहे. दर शनिवारी त्याच कठड्याच्या आत हीच बाई झाडलोट करीत असे, वेदीवरची वस्त्रे बदलीत असे, फुले ठेवीत असे. त्याला कोणाची हरकत नव्हती. हातात केरसुणी असली की आत, आणि हातात देवाचा शब्द असला की बाहेर! हा कोणता न्याय, असे मी चारचौघांत विचारले. मावशीच हसली. "जाऊ द्या हो अर्जनवीस. माळ्यावर उभं राहून वरडले, आता खाली उभं राहून वाचते. पाखरं तीच हायत."

पुढे दुष्काळ पडला. राखायला जोंधळाच राहिला नाही, आणि मावशी इतरांबरोबर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. रविवारचे वाचन ती आठवडाभर घोकीत असे. एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्याने हातोडा मारायचा, आणि तोंडाने योसेफाची गोष्ट चालू. आजूबाजूला बसलेल्या बाया काही सगळ्या आमच्या धर्माच्या नव्हत्या. पण गोष्ट अर्धवट सुटली की त्यांनाच चैन पडत नसे.

"मार्थे, भावांनी हिरीत टाकला, मंग? मेला का वाचला?"

"रविवारी येऊन ऐक की."

"तुमच्या देवळात आमाला बसू देत्याल व्हय?"

"दाराशी आबा बसतोय, त्याच्या बाजूला बस. तिथवर माझं समदं येतं."

आणि त्या बाया खरोखर येत. उंबऱ्याबाहेर डोक्यावर पदर घेऊन बसत आणि वाचन संपले की उठून जात. प्रवचनाला कोणी थांबत नसे, ही गोष्ट वेगळी.

गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाची कथा निरनिराळ्या आवाजांत वाचण्याची रीत आहे. ख्रिस्ताचे शब्द फादर वाचतात, कथा सांगणारा निवेदक वेगळा असतो, आणि लोकसमुदायाचे शब्द चर्चमधल्या सगळ्या लोकांनी एकदम म्हणायचे असतात. निवेदकाचा भाग मावशीकडे होता, आणि वर्षभरातले ते तिचे सर्वांत मोठे काम होते. पहिल्या वर्षी "ह्याला क्रुसावर खिळा" हे शब्द आले तेव्हा लोक पुटपुटले. प्रभूला असे कसे म्हणायचे, म्हणून अर्ध्या लोकांनी तोंडेच मिटली. मावशी थांबली, पुस्तक खाली केले आणि भर उपासनेत म्हणाली, "लाजता कशाला? तवा आपुन असतो तर गप ऱ्हायलो असतो व्हय? आपल्यासारख्यांनीच म्हटलं हुतं. म्हना मोठ्यानं!" त्या वर्षापासून आमच्या चर्चमध्ये ते वाक्य असे उठत असे, की अंगावर काटा यावा.

आता ज्या प्रसंगासाठी मी ही लेखणी उचलली, तो सांगतो.

चर्च कमिटीचे प्रमुख म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सगळे त्यांना जमादार म्हणत. दुष्काळात ते त्याच खडीच्या कामावर मुकादम झाले. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला उन्हात बसवायचे आणि कोणाला बाभळीच्या सावलीत, हे सर्व त्यांच्या शब्दावर होते. त्यांचे जावई नगरला कॉलेजात शिकलेले होते. त्या वर्षी जावई सणासाठी येणार होते, आणि दुःखसहनाची कथा जावयांनी वाचावी, कठड्याच्या आत उभे राहून वाचावी, असे जमादारांच्या मनाने घेतले. गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, मिस्सा संपल्यावर त्यांनी लोकांना थांबवून घेतले. प्रभूच्या जयजयकाराची खूण म्हणून आशीर्वादित झावळ्या हातात घेऊन सगळे बसले होते, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो.

जमादार म्हणाले, "बाईमानसानं प्रभूच्या मरनाची कथा वाचावी, हे मला तर पटत न्हाई. रविवारचं किरकोळ वाचावं, आपलं काय म्हननं न्हाई. पर गुड फ्रायडेला नगरचे पाव्हणे येत्यात. मावशीऐवजी जावयांनी वाचावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

मी तत्काळ उठलो. "माझा या ठरावास सक्त विरोध आहे. जी व्यक्ती आजवर विनामोबदला आणि बिनतक्रार सेवा करीत आली, तिला कारण दाखवा असे न सांगता दूर करता येत नाही. फादरांनी खुलासा करावा."

"अर्जनवीस, ही कचेरी न्हवं. बसा खाली," जमादार म्हणाले.

मी फादरांकडे पाहिले. मावशीला वाचायला लावणारे हेच फादर. ते भले होते, प्रेमळ होते, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे होते. ते चष्मा पुसत राहिले. "मंडळीत शांतता राहावी," एवढेच म्हणाले. गप्प बसण्याला शांतता म्हणायचे, आणि ती शांतता दुबळ्याच्या खिशातून भागवायची, हा प्रकार मी कचेरीत रोज पाहतो. चर्चमध्ये पाहीन असे वाटले नव्हते.

हात वर होऊ लागले. आधी जमादारांच्या भावकीचे, मग कामावर जाणाऱ्यांचे, मग त्यांच्या बायकांचे. मावशीबरोबर खडी फोडणाऱ्या, तिच्या तोंडून योसेफाची गोष्ट ऐकणाऱ्या बायकांनीसुद्धा मान खाली घालून हात वर केले. दाराशी बसलेल्या आबांना काय चालले आहे हे ऐकू येत नव्हते. सगळ्यांचे हात वर झालेले त्यांनी पाहिले. त्यांच्या लेखी हात वर करण्याचा अर्थ एकच होता. वाचन सुरू झाले आणि आपल्यालाच आज ऐकू आले नाही, अशा समजुतीने घाईघाईने त्यांनी उजवा हात उंच केला आणि कौतुकाने मावशीकडे पाहिले.

"बघा," जमादार म्हणाले, "आबांचासुद्धा हात वर हाय."

मी ओरडलो, "आबांना विचारा तरी कशासाठी हात वर केला!" पण लोक उठले होते. बाहेर आबा एकेकाला विचारीत होते, "काय वाचलं रं मार्थीनं आज?"

त्याच दुपारी मी बिशपसाहेबांना देण्यासाठी अर्ज तयार केला. माझ्या आयुष्यातला तो उत्तम अर्ज होता, असे मी आजही म्हणतो. तो घेऊन मावशीच्या घरी गेलो. ती सुपात दाणे पाखडीत बसली होती. सगळा अर्ज तिने शांतपणे ऐकून घेतला.

"लई भारी लिवलंय," ती म्हणाली. "पर सही करनार न्हाई."

"का म्हणून? हा तुझा हक्क आहे."

"हक्काचं काय हाय त्यात? नोकरी हाय का माझी? हौसंनं उभी ऱ्हायले, बसा म्हनले, बसले."

"आणि ज्यांनी हात वर केले ते? लाज नाही वाटली त्यांना?"

तिने सूप खाली ठेवले. "भाऊ, तुमी लिंबाखाली सावलीत बसता. त्यांना उद्या जमादाराम्होरं उभं ऱ्हायाचंय. पोरं हायत त्यांना. हात वर केला म्हून मी मेले न्हाई." मग सूप पुन्हा उचलीत ती म्हणाली, "आबाचं तेवढं वाईट वाटलं. त्याला कुनी सांगू नका."

गुड फ्रायडेला चर्च भरले होते. जावई कठड्याच्या आत मेजापाशी उभे राहिले. ते वाईट वाचत होते असे मी म्हणणार नाही; सुशिक्षित माणूस, स्वच्छ वाचत होता, पण पुस्तकात पाहून. वाचक झाल्यापासून पहिल्यांदाच मावशी या दिवशी बायकांच्या ओळीत, खाली बसली होती. रोमी सुभेदार पिलाताने येशूला लोकांपुढे आणले, तिथवर कथा आली, आणि लोकसमुदायाची पाळी आली.

कोणीही बोलले नाही.

दरवर्षी भिंती हलवणारे लोक ओठ घट्ट मिटून बसले होते. पाचच दिवसांपूर्वी आपण याच जागी काय केले, हे प्रत्येकाच्या ध्यानात आले असले पाहिजे. जावयांनी वर पाहिले. जमादारांनी मागे वळून हाताने खूण केली, म्हणा, म्हणा. फादर डोळे मिटून उभे. कथा तिथेच अडकली. मला सांगावयास संकोच वाटत नाही, की मला त्या वेळी समाधान वाटले. अडू द्या, असे मी मनात म्हणालो. आज अडू द्याच.

तेवढ्यात बायकांच्या ओळीतून एकच आवाज उठला, जोंधळ्याच्या चार कडा ओलांडणारा.

"ह्याला क्रुसावर खिळा!"

मावशी उभी होती. डोक्यावरचा पदर मागे घसरला होता. ती कठड्याकडे पाहत नव्हती, जमादारांकडे तर नव्हतीच. ती दाराकडे पाहत होती. आणि तिथे, उंबऱ्याला टेकलेल्या आबांनी हात वर केला. त्या दिवशी त्यांना ऐकू आलेले ते पहिले वाक्य होते.

मग कुठे जावयांनी पुढची ओळ वाचली. बायकांच्या बाजूला कोणी तरी हुंदका दिला. पुढे कथेत ते शब्द पुन्हा आले तेव्हा लोकांनी ते तिच्याबरोबर म्हटले, पण रडत म्हटले.

बाहेर आल्यावर मी तिला गाठले. म्हटले, "मावशी, त्यांचा अपराध तू आपल्या तोंडाने का म्हटलास? अडू द्यायचे होते."

"अडवून कसं चालंल? म्होरं प्रभूला थडग्यातनं उठायचंय न्हवं?" ती म्हणाली. "कथा मरनापतुर आनून सोडायची व्हय? कुनीतरी म्हनाया पायजेच हुतं. त्यांना जड जात हुतं, मी म्हटलं."

पावसाळा आला आणि मावशी मुलाकडे पुण्याला गेली. निघताना एसटीच्या खिडकीतून तिने मला एवढेच सांगितले, "आबाकडं बघत जा." तिला परत बोलवा, असे कमिटीतल्या कोणाला सुचले नाही. तिच्या मरणाची बातमीसुद्धा आम्हाला उशिराच कळली. चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा अर्पण झाली तेव्हा जमादारांनी तिच्या सेवेबद्दल चार गोड शब्द काढले. मी उठून बाहेर गेलो.

तिने सगळ्यांना माफ केले होते, हे मला मान्य आहे. तो तिचा अधिकार होता. मला तो नाही, आणि असता तरी मी वापरला नसता.

आता तो कठडा काढून टाकला आहे. मुली, सुना मेजापाशी उभ्या राहून वाचतात, कोणाची हरकत नसते, आणि हे पूर्वीपासून असेच होते असा सर्वांचा समज आहे. आबाही गेले. त्यांच्या जागी, उंबऱ्याला टेकून, हल्ली मी बसतो. माझे कान शाबूत आहेत आणि शब्द न् शब्द मला ऐकू येतो. वाचणारे पुस्तकात पाहून वाचतात आणि पुस्तक मिटून खाली उतरतात. दाराकडे कोणी पाहत नाही. जोवर कोणी पाहत नाही, तोवर मीही हात वर करणार नाही.