मेलेल्या मुलाची खुशाली

ती घटना आठवली की आधी डोळ्यांपुढे येतो रहिमतपूरचा तो निवृत्त एसटी चालक. नव्वदचे दशक सरत आले होते. मी कराडला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना तो आला आणि संगणकावर छापलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"आवं साहेब, माझं पोरगं जाऊन वरीस झालं. पुण्याच्या हापिसातलं त्याचं ईमेल अजून चालू हाय. त्यात हे आलंय, हापिसातल्या त्याच्या दोस्तानं छापून दिलं. कालिजातल्या सरांनी धाडलंय. इचारत्यात, तब्येत कशी हाय, पुण्याचं पाणी मानवलं का?"

"सरांना कळलं नसेल," मी म्हणालो.

"न्हाई कसं? सरांनी खांदा दिलाय त्याला."

ते सर माझ्या माहितीतले होते. इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवायचे. उन्हाळ्यात अचानक नाहीसे झाले. पत्नीने मिसिंगची खबर दिली, पण पाठोपाठ ईमेल आले: बंगळूरला आहे, मन थाऱ्यावर आले की परतेन. जुन्या विद्यार्थ्यांनाही आले. प्रत्येकाला नावानिशी, कुणाला नवी नोकरी, कुणाला आईचा गुडघा विचारलेला. इतके घरचे सरांशिवाय कोण लिहिणार? तपास थंडावला होता.

मी पुण्याहून एक जाणकार बोलावला. तो म्हणाला, पत्रे बंगळूरची नाहीतच, इथल्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निघालीत. सरांनी संगणकात विद्यार्थ्यांचा तक्ता ठेवला होता. नाव, ईमेल, गाव, घरची हकिकत. मजकूर एकच लिहायचा, या गोष्टींच्या जागा मोकळ्या सोडायच्या आणि काळ्या पडद्यावर एक कमांड द्यायची. यंत्र एकेक ओळ उचलते आणि ज्याचे त्याचे पत्र करून धाडते. गेलेल्या मुलाची ओळ पुसायला सरांचा हात धजला नसावा. ती तशीच होती.

प्रयोगशाळेची किल्ली सरांच्या हाताखालच्या तरुण प्राध्यापकाकडे असे. त्याला बोलावले. इस्त्रीचा शर्ट, उत्तरे नेमकी. अशा माणसावर आवाज चढवला की तो जास्तच मिटतो. मी फक्त त्या म्हाताऱ्याला त्याच्यासमोर बसवले.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "मास्तर, माझ्या पोराची खुशाली कुणीतरी इचारलीया. तेला काय कळवू?"

त्याने कागद वाचला. चेहऱ्यावरचे रक्त उतरले.

"तो गेलाय?" तो पुटपुटला. "मला माहीत नव्हतं."

"सरांना माहीत होतं," मी म्हणालो.

मग तो बोलायला लागला. विभागप्रमुखपदावरून सरांशी वाद होता. कोयनानगरच्या घाटात गाडी थांबवून दोघे कड्याशी उभे होते, शब्दाला शब्द लागला आणि त्याने ढकलले. "खालनं माझं नाव घेऊन हाका मारत होते," तो म्हणाला. "मी काच वर केली आणि निघालो."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. आरोपीने दाखवलेली जागा टिकते. पंचांना घेऊन आम्ही दरीत उतरलो. करवंदीच्या जाळीखाली हाडे होती, मनगटाशी घड्याळ. पुढे त्याला जन्मठेप झाली.

त्या प्रकरणानंतर बेपत्ता माणसाचा निरोप आला, की मी नातेवाइकांना एकच विचारायचो, आवाज ऐकलात का? नावानिशी केलेली चौकशी म्हणजे माया, असे आपण धरून चालतो. ते खरे नसते.

दरीतून वर आलो त्याच संध्याकाळी घड्याळ ओळखायला सरांची पत्नी ठाण्यात आल्या होत्या. घड्याळ बघून त्यांनी होकारार्थी मान हलवली. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "यांचे ईमेल यांच्या हाताखालचा तो प्राध्यापकच छापून घरी आणायचा. चहा घ्यायचा. मी उत्तर सांगायची, तो लिहून न्यायचा. मुलगी झोपेत रडते, तेसुद्धा सांगितलं मी. यांचं उत्तर आलं, तिला जवळ घेऊन झोप."

मी घड्याळ पुन्हा पाकिटात ठेवले.

"साहेब, मग माझी समजूत कोण घालत होतं?"